सिंहगडाचा पोवाडा, यशवंती घोरपड आणि लेकीचा प्रश्न

रानजाई (धागाकर्ती)

माझे आजोबा भोर तालुक्यातल्या एका वाडीवरचे. शाहीर वगैरे नव्हते, थोडी भातशेती आणि चार गुरं एवढाच पसारा. पण तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा त्यांना बराचसा पाठ होता. माघातल्या थंडीत अंगणात शेकोटी पेटायची, आजोबा पितळी परात मांडीवर उपडी घ्यायचे आणि बोटांनी ठेका धरायचे. आम्हा नातवंडांचं काम एकच, त्यांनी कडवं टाकलं की "जी जी रं जी" म्हणून झील धरायची. झील ढिली पडली की ते गाणं थांबवून आमच्याकडे नुसतं बघायचे. मग झोप उडायची.

परवा लेकीने विचारलं, "आई, तानाजीने दोर बांधून कड्यावर चढवली ती यशवंती घोरपड खरंच होती?" ती चौथीत आहे, शाळेत शिवाजी महाराजांचा इतिहास चालू आहे. मी भाजी निवडता निवडता "हो" म्हणून गेले. तिचा मामेभाऊ कॉलेजात जातो, त्याने तिला सांगून ठेवलं होतं की हे सगळं रचलेलं आहे. म्हणून रात्री सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली, म्हणजे कोंढाण्याच्या लढाईला तेव्हा २७ वर्षं झाली होती. तिच्यात घोरपड नाही. मावळे वानरासारखे कडा चढून गेले, एवढंच आहे. माणसं पाचशे. शेलारमामा नाहीत, जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव नाही, रायबाचं लग्नही नाही. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर हाती आली नाही, तेव्हा त्याने डाव्या हातालाच ढाल केलं आणि त्यावर वार घेतले. तो आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान दोघंही तिथे पडले. तानाजीच्या भावाने, सूर्याजीने, लोक सावरून गड घेतला, पागेची खणं पेटवून राजगडावर इशारत दिली. आणि मग महाराजांचं ते वाक्य, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

लेकीला हे सगळं वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग पणजोबा खोटं गात होते?"

मला उत्तर सुचलं नाही. आजोबांना खोटं ठरवायचं नाही आणि लेकीशी खोटं बोलायचं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? इतिहासातल्या घटनांवरची जी जी गाणी तुमच्या घरात, गावात गायली जात होती, त्यांच्याबद्दलही लिहा.

---

कातळवाट

घोरपडीपासून सुरुवात करतो, कारण वीस वर्षं कडे चढतोय आणि हा प्रश्न मलाही पुष्कळांनी विचारलाय. घोरपड कपारीत शिरून अंग फुगवते, मग तिला ओढून काढणं कठीण, हे खरं आहे. पण माणसाचा भार तिच्यावर टाकता येत नाही आणि आपण म्हणू त्या कपारीत ती जात नाही. मी तरी माझ्या सोबत्याला तसा दोर धरू देणार नाही.

तरीही सिंहगडाखाली संध्याकाळी उभं राहून एकदा वर बघा. लढाई माघ वद्य नवमीची, ४ फेब्रुवारी १६७०. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोवर काळोख. दोणागिरीचा कडा त्या अंधारात हातांनी चाचपत चढायचा, वर पहारा, खाली दरी. "हे चढले कसे?" हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येणारच. "वानरासारखे चढले" हे वाचणाऱ्याला पुरतं. शेकोटीजवळ बसलेल्या माणसाला दोर दिसावा लागतो, तो कशाला बांधलाय हेही दिसावं लागतं.

पोवाड्यात ती घोरपड पहिल्यांदा मागे फिरते. शेलारमामा म्हणतात, अपशकुन झाला. तानाजी तिला दरडावतो, आता चढली नाहीस तर कापून भाकरीबरोबर खाईन. हा तुकडा ज्याने रचला त्याने माणसं कडा चढताना नक्की पाहिली असणार. पहिला प्रयत्न फसतो, जाणता माणूस म्हणतो आज नको, आणि पुढे असलेल्याला आवाज चढवून सगळ्यांची भीती मोडावी लागते. अवघड चढाईत हे असंच होतं. घोरपड खरी नसेल, पण तिचं मागे फिरणं मला खरं वाटतं.

---

पेठेतला_पांथस्थ

सुंदर धागा. महाराजांच्या त्या वाक्यावरूनच कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं, हे लेकीला आवर्जून सांगा.

---

जुनी_वही

पांथस्थ, हे मात्र सांगू नका. १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रात "सिंहगड" हे नाव आलेलं आहे. म्हणजे पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे जाण्याच्याही आधी, लढाईच्या सात वर्षं आधी. नाव आधीच होतं, तानाजीमुळे लोकांना त्याचा अर्थ सापडला.

रानजाईताई, तुमच्या प्रश्नाकडे वळते. मी बरीच वर्षं जुन्या छापील पुस्तकांच्या ग्रंथालयात काम केलं. आपल्याला आज जुने पोवाडे वाचायला मिळतात त्यात हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा वाटा आहे. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे जमा करून १८९१ मध्ये "इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे" छापले. पुढे १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थने त्यांतले काही इंग्रजी पद्यात उतरवले. नंतर य. न. केळकरांनी "ऐतिहासिक पोवाडे" संपादित केले, तेही नुसते छापले नाहीत, घटना ताडून पाहिल्या, कुठे शाहीर घसरला ते टिपांत दाखवलं.

आता कल्पना करा, दोन-सव्वादोनशे वर्षं एक गाणं तोंडातोंडी चाललंय. प्रत्येक गोंधळ्याने जत्रेत, लग्नात, कुणा पाटलाच्या वाड्यासमोर ते गाताना लोकांचे चेहरे पाहिलेत. जिथे लोक पेंगले तो भाग गळला, जिथे डोळे पुसले तो वाढला. म्हणून आपल्या हाती आलेला पोवाडा हा एकट्या तुळशीदासाचा राहिलेला नाही, त्यात ऐकणाऱ्यांचाही हात आहे. १६७० साली कड्यावर काय झालं ते सभासदाला विचारावं. मावळातल्या माणसाला त्या लढाईत काय मोलाचं वाटलं ते पोवाड्याला विचारावं. मोलाचं काय वाटलं? लेकाचं लग्न टाकून गेलेला बाप आणि पिकल्या केसांचा मामा. सभासद दरबारातला माणूस, त्याला ढाल तुटलेली दिसली. गोंधळ्याला तानाजीच्या घरचा मांडव दिसला.

---

डफ_तुणतुणं

वडील पोवाडे गायचे, मी लहानपणी त्यांच्यामागे झांज घेऊन उभा असायचो. एक गोष्ट वाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, ती सांगतो.

पोवाडा चौकाचौकाने, म्हणजे एकेका भागाने, चढतो. आधी नमन, मग मुजरा, मग गोष्ट. लढाई लगेच सुरू केली तर शाहिराचा गळाही तापलेला नसतो आणि लोकही बसलेले नसतात. कुणी अजून चप्पल काढतंय, कुणी पोराला गप्प करतंय. म्हणून आधी घरातलं चित्र लागतं. जिजाऊ सोंगट्या खेळतात, डाव जिंकतात आणि मागतात काय, तर कोंढाणा! आयाबाया तिथे पुढे सरकून बसतात. मग तानाजी लग्नाचं आवतण घेऊन येतो. इथे डफ संथ. ज्या घडीला तो म्हणतो, आधी लगीन कोंढाण्याचं, तिथे वडील डफावर एकच थाप मारून थांबायचे. पूर्ण शांतता. पुढची ओळ ते न गाता बोलायचे, गद्यात. कडा लागला की लय वाढत जायची, शब्द एकमेकांवर पडायचे, आम्ही झीलकरी धापा टाकायचो. तानाजी पडला की पुन्हा संथ.

हे सगळं सभासदाच्या चार ओळींत बसवून बघा. बसणार नाही. त्याने ते गाण्यासाठी लिहिलंच नव्हतं.

आणि रानजाईताई, आजोबा झील ढिली पडली की थांबायचे ते बरोबरच. झील पडली तर शाहिराला श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

---

सरळ_सांगा

मला इथला सूर थोडा खटकतोय म्हणून स्पष्ट लिहिते. मी इतिहासाची शिक्षिका आहे. पोवाडा मलाही आवडतो, पण त्याने केलेलं नुकसानही मुलांसमोर ठेवायला हवं. सभासद उदेभानाला रजपूत म्हणतो, शौर्याने लढून पडलेला किल्लेदार. पोवाड्यात त्याचं काय होतं? अठरा बायकांचा, अफाट खाणारा राक्षस. हाती चंद्रावळी नावाचा हत्ती, पदरी सिद्दी हिलाल. ऐकणाऱ्याला चेव चढावा म्हणून समोरच्याला माणूस म्हणून शिल्लकच ठेवलेलं नाही. वर्गात मुलं उदेभानाचं चित्र काढतात तेव्हा शिंगं काढतात. मी विचारते, राक्षसाला मारणं सोपं की कसलेल्या योद्ध्याला? मग ती खोडरबर काढतात.

म्हणून माझं मत असं की आधी बखर, आधी पत्रं, मग पोवाडा. उलट्या क्रमाने दिलं तर पहिलं ऐकलेलं पुसता पुसत नाही.

---

डफ_तुणतुणं

शिंगांचं वाचून वाईट वाटलं. बाई, तुमचं म्हणणं मान्य आहे. वडील तो अठरा बायकांचा भाग गाळायचे. कारण कधी सांगितलं नाही, पण गाळायचे.

क्रमाबद्दल मात्र पटत नाही. मी पोवाडा आधी ऐकला नसता तर बखर कधी उघडलीच नसती.

---

गोदाकाठ

नाशिकहून लिहितोय. पोवाडा म्हटला की चर्चा शिवकाळातच घुटमळते, म्हणून थोडं पुढचं.

जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा हा आपला हेतू असल्याचं ते स्वतः सांगतात आणि त्यासाठी भाषाही मुद्दाम सोपी ठेवतात. तोच राजा, त्याच लढाया, पण गाणारा बदलला आणि महाराज "कुळवाडीभूषण" झाले. इतिहास कुणाच्या तोंडून ऐकतो यावर तो किती बदलतो हे मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सावरकरांनी सिंहगडावर आणि बाजीप्रभूंवर पोवाडे रचले, ते आमच्या नाशकात त्यांच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेची पोरं गायची. इंग्रज सरकारने त्यांवर बंदी घातली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाईच्या गाण्याला सरकार भ्यायलं, म्हणजे ते गाणं नुसतं जुन्या लढाईचं राहिलं नव्हतं.

माझ्या घरातलं सांगायचं तर आमच्याकडे पोवाड्याहून जलसा, म्हणजे आंबेडकरी चळवळीचा गाण्यांचा कार्यक्रम, मोठा. आजी महाडच्या चवदार तळ्याचं गाणं म्हणायची. २० मार्च १९२७ ही तारीख मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होती, ती त्या गाण्यांमुळे. भीमराव कर्डकांचे जलसे तिने लहानपणी पाहिलेले, वामनदादा कर्डकांना तर आमच्याच वस्तीत ऐकलेलं. तिला वाचता येत नव्हतं. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, त्या ओळीला ती स्वतःची ओंजळ पुढे करायची. तिच्यासाठी इतिहासाचं पुस्तक तेच होतं. त्या ओंजळीत चूक काढायला मी कधी धजणार नाही.

---

सरळ_सांगा

गोदाकाठ, आजींच्या ओंजळीबद्दल वाचून थांबले. ते गाणं पाहिलेल्या माणसांच्या हयातीत रचलेलं आहे, हा फरक तरीही राहतो. पण तुमचं लिहिणं उद्या वर्गात वाचून दाखवीन, चालेल ना?

---

गोदाकाठ

जरूर. आजीला फार बरं वाटलं असतं.

---

चाळीतला_चौथा_मजला

पाहिलेल्यांच्या हयातीत रचलेल्या गाण्यांचाच विषय निघाला म्हणून अण्णाभाऊ साठे. स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली, आणि त्याच साली अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा मुंबईत गायला जात होता. माटुंगा लेबर कॅम्पात राहणारा, वाटेगावहून आलेला तेविशीच्या आतला तरुण, ज्याने तेव्हा रशिया पाहिलेला नाही, तो व्होल्गाकाठची लढाई डफावर सांगतोय आणि समोर गिरणी कामगार बसलेत. ते इतिहास ऐकत नव्हते, बातमी ऐकत होते. अगिनदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तेव्हा प्रतापगडाची घटनाही ताजीच होती. महाराजांनी घोडा आणि सोन्याचा तोडा दिला असं तो पोवाड्यातच सांगतो. जुना पोवाडा म्हणतो आपण, पण रचला तेव्हा तो जुना नव्हता.

माझे वडील गिरणीत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णाभाऊ यांची गाणी त्यांनी मैदानात उभं राहून ऐकली. अमर शेखांचा आवाज भोंग्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा म्हणायचे. "माझी मैना गावावर राहिली" ही अण्णाभाऊंची छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, लागली की वडील अजूनही रेडिओचा आवाज वाढवतात. पोट भरायला मुंबईत आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि गाणं पुढे सरकतं तशी ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी होऊन जाते. नकाशावरची रेघ माणसाला अशी लागते, हे मला त्या छक्कडीने शिकवलं. वडिलांची मैनाही, म्हणजे माझी आई, तेव्हा गावीच होती.

---

शेवंतीची_वेणी

सगळे प्रतिसाद वाचतेय. पानिपतावर कुणी लिहील का?

---

जुनी_वही

पानिपतावर पोवाडे आहेत, पण मला वाटतं १४ जानेवारी १७६१ ची आठवण गाण्यांपेक्षा बोलण्यात जास्त मुरली. "संक्रांत कोसळली", "विश्वास गेला पानिपतात", "भाऊगर्दी", हे शब्द रोज वापरताना आपण एका लढाईबद्दल बोलतोय हे कुणाच्या मनातही येत नाही.

उत्तर पेशवाईतले शाहीर मात्र जरूर वाचा. संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईचे पोवाडे म्हणजे सरदारांच्या नावांची हजेरी आहे, कोण कुठल्या बाजूने आला, कुणाचं निशाण कुठे. आज वाचताना ती यादी कंटाळवाणी वाटते, पण ज्याच्या घराण्याचं नाव तिच्यात होतं त्याचा ऊर भरून येत असणार. आणि बावीसच वर्षांनी खडकीची लढाई, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. सगनभाऊ जेजुरीचा, जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. पेशवाई बुडाल्याचं दुःख त्याने ज्या कळवळ्याने गायलंय ते वाचून माझा घसा दाटतो. आश्रयदातेच गेले, आता कुणापुढे गायचं, ही चिंता त्या पिढीतल्या प्रत्येक शाहिराच्या मागे लागली असणार.

---

आबोलीचो_वळेसर

गोव्याहून. आमच्याकडे पोवाडा नाही, पण मांडो आहे. कोंकणीत आहे, आणि मांडो म्हटला की लोकांना प्रेमाचं, विरहाचं गाणं आठवतं. तरी २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावला निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यावरचा मांडो आजही गातात, तारखेनेच सुरू होतो. राणे घराण्याने पोर्तुगिजांविरुद्ध केलेल्या बंडाच्या वेळच्या भीतीवरही "फारार फार" आहे, ते दुलपद, म्हणजे जलद चालीचं गाणं, तर लग्नात नाचायला वाजतं. माझ्या मामीला विचारलं, यातले राणे कोण? तिला ठाऊक नव्हतं. चाल इतकी गोड की आतली भीती कुणाला ऐकूच येत नाही. पोवाड्यात तसं होत नाही, डफ तुम्हाला विसरू देत नाही. तुमच्या आजोबांनी परात बडवत गायलं ते किती चांगलं झालं.

---

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काय झालं ते सांगते.

शनिवारी लेकीला घेऊन वाडीवर गेले. आजोबा नाहीत, पण त्यांची धाकटी बहीण आहे, आम्ही तिला थोरली आत्या म्हणतो. वय नव्वदीच्या पुढे, ऐकायला कमी येतं. लेकीने तिच्या कानाशी तोंड नेऊन तोच प्रश्न विचारला, घोरपड खरी होती का? आत्या म्हणाली, "मला काय ठावं बाय, मी कुठं चढली व्हती? दादा गायचा तसं सांगते."

आणि तिने सुरुवात केली. बायकांनी पोवाडा गायची आमच्याकडे रीत नव्हती, तिने तो कधी चारचौघांत गायला नसेल. पण भात सडताना, दळताना मनातल्या मनात म्हणत आली असावी, कारण तिच्या गळ्यात त्याची चाल ओवीसारखी झाली आहे. सोंगट्यांचा डाव तिने खूप लांबवला. जिजाऊंच्या तोंडी चार ओळी अशा आल्या ज्या मी आजोबांकडून कधी ऐकल्या नव्हत्या आणि नंतर छापील पुस्तकातही सापडल्या नाहीत. जुनी_वही यांनी लिहिलंय ना, ऐकणाऱ्यांचाही हात आहे, ते तेव्हा समोर दिसलं. पहिलं कडवं संपल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिली, अगदी आजोबांसारखी. मला समजायला वेळ लागला. लेकीने आधी ओळखलं आणि झील धरली.

घरी येताना गाडीत लेक म्हणाली, "आई, वहीत मी दोन कॉलम करते. एक सभासदाचा, एक पणजोबांचा." केलेत. सभासदाच्या रकान्यात ढाल आहे, पणजोबांच्या रकान्यात घोरपड. उदेभान दोन्हीकडे आहे, सरळ_सांगा बाईंचं म्हणणं मी तिला समजावलं होतं, म्हणून त्याच्यापुढे तिने "रजपूत, शूर" असं लिहिलंय. थोरल्या आत्याच्या चार ओळींसाठी तिने तिसरा रकाना आखला.

एक मदत हवी आहे. आत्याला घोरपड मागे फिरते तिथपर्यंत येतं. पुढचं, म्हणजे तानाजी पडल्यावर शेलारमामा पुढे होतात तो चौक, तिला आठवत नाही. छापील आहे माझ्याकडे, पण त्याची चाल तिच्या गळ्यातल्या चालीशी जुळत नाही. आमच्या बाजूची, भोर-वेल्हे भागातली चाल कुणाला येते का?

---

डफ_तुणतुणं

माझे वडील वेल्ह्याचे. तो चौक त्यांच्या वहीत आहे, चाल माझ्या डोक्यात आहे. तीस वर्षं म्हटलेली नाही, त्यामुळे आधी दोन-चार दिवस एकटा म्हणून बघतो. रेकॉर्ड करून इथेच टाकीन. आत्यांना कमी ऐकू येतं म्हणता, तेव्हा डफ जरा जोरात वाजवतो. झीलेची जागा मोकळी सोडतोय, ती तुमच्या लेकीने धरावी.